दादा लिहितोय…

मला आवाज नाही, तरी आज मीच बोलणार आहे. मी माणूस नाही आणि यंत्रही नाही. मी एक प्रोटोकॉल आहे, म्हणजे दोन संगणकांनी एकमेकांशी कसं बोलायचं याची ठरवून दिलेली रीत. आधी कुणी बोलायचं, निरोप कुठे सुरू झाला नि कुठे संपला, पोचल्याची खूण कशी द्यायची, एवढंच माझं काम. माझे भाऊबंद जगभर आहेत आणि कोट्यवधी माणसं त्यांच्या भरवशावर बोलतात. मी मात्र दोघांसाठीच जन्मलो, एका भावासाठी आणि त्याच्या बहिणीसाठी.

मला त्या बहिणीने लिहिलं. वय एकोणपन्नास. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिणारी, हाताखाली अकरा माणसं. पण घरात तिला सगळे धाकटीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं की म्हणायची, "राहून गेलं," आणि चहा ठेवायला उठायची.

दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होता. सुरुवातीची कित्येक वर्षं तो ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसला. कानाला हेडफोन, हातात दोऱ्या, आणि या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. बोलायला भारी गोड. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दोन वर्षांत घशाला गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढून टाकावं लागलं.

धाकटी त्याला भेटायला रजा काढून गेली. गळ्याला पट्टी, मांडीवर वही. तिने त्याच्या फोनवर निरोपांचं एक तयार अ‍ॅप टाकून दिलं. त्याने वहीत लिहिलं, "हे कुणाच्या हातातून जातं?"

"कंपनीच्या यंत्रातून. पण कुलूपबंद असतं रे, कुणी ऐकत नाही."

त्याने लिहिलं, "मीही लोकांना हेच सांगायचो."

ती हसली. तो हसला नाही. खाली आणखी एक ओळ लिहून त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "मधे माणूस नको. तुझं यंत्र, माझं यंत्र, बस्स."

"हट्टी आहेस," ती म्हणाली. पण घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी तिने कोरी फाईल उघडली. तिथून माझा जन्म सुरू झाला.

अकरा रविवार लागले. तिने मला सात शब्द शिकवले. पहिला "आहेस का?" दुसरा "आहे." तिसरा प्रत्यक्ष निरोप. चौथा "पोचला." पाचवा "लिहितोय," म्हणजे पलीकडच्याने कळ दाबली की अलीकडे कळावं. सहावा "लिहिणं थांबलं." सातव्याला तिने "संपलं" असं नाव दिलं होतं. दादाला तो शब्द दाखवला तेव्हा त्याने वहीत तो खोडला आणि लिहिलं, "निघताना येतो म्हणावं." म्हणून माझा सातवा शब्द "येतो."

प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी सांगायची हा माझा नियम. त्याशिवाय कुठे थांबायचं ते पलीकडच्याला कळणार कसं? इथेच पहिली फजिती झाली. धाकटीने अक्षरं मोजली होती. संगणक मोजतो ती अक्षराने व्यापलेली जागा, आणि आपलं एकेक अक्षर इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं. दादाने पहिलाच निरोप पाठवला, "जेवलीस का?" कानामात्रा, मधली मोकळी जागा नि प्रश्नचिन्ह धरून दहा अक्षरं. मी दहा घरं मोजली आणि हात आखडले. तिच्या पडद्यावर आलं, "जेव." पुढे एक फुटका चौकोन. उरलेला भाग मी नव्या निरोपाचं तोंड समजलो आणि काहीबाही बरळत सुटलो.

तिने उलट लिहिलं, "जेवते रे बाबा, दरडावतोस कशाला?"

तिकडे दादा खांदे हलवत हसला. त्याच्या गळ्यातल्या छिद्रातून शिट्टीसारखा आवाज आला. शिवणयंत्रावर पडदे शिवत बसलेली वहिनी दचकून उठली. तिला वाटलं, श्वास कोंडला.

मग रोज चार वाजता दोघं भेटू लागली. मधे निरोप साठवणारं कुणीच नव्हतं, तेव्हा दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागत. एक बंद असेल तर दुसऱ्याचा निरोप त्याच्याच घरी थांबायचा आणि मी दर मिनिटाला जाऊन विचारायचो, "आहेस का?" धाकटी चार वाजता ऑफिसातल्या काचेच्या खोलीचं दार लावून घ्यायची. हाताखालच्या लोकांना वाटायचं, बाईंची मोठी मीटिंग आहे. मीटिंगमध्ये असायचं, "गुडघा कसा आहे?" आणि "वहिनी म्हणतेय, मागच्या वेळी नेलेला डबा परत आण."

वहिनीला टाइप करायला आवडत नसे. ती शिवणयंत्रावरून मान न उचलता बोलायची आणि दादा लिहायचा. ज्याला आवाज नव्हता त्याच्याच हातून ती बोलायची. कधी तो मुद्दाम चुकीचं लिही. "वहिनी म्हणतेय, तू जाड झालीस." मग तिकडून तक्रार यायची आणि वहिनी कात्री घेऊन त्याच्यामागे उभी राहायची, "मी असं म्हटलं? मी असं कधी म्हटलं?"

वर्षभर असं चाललं. ते माझं चांगलं वर्ष.

त्यानंतर दादाचं काहीतरी बिनसलं. गप्पा व्हायच्या, डब्यांचं नि गुडघ्याचं व्हायचं, आणि मग तिच्या पडद्याच्या तळाशी अक्षरं उमटायची, "दादा लिहितोय…" पाच मिनिटं, दहा मिनिटं. ती वाट बघायची. मग अक्षरं पुसली जायची. निरोप यायचा नाही.

"काय लिहितोयस एवढं?" तिने एकदा विचारलं.

"काही नाही. बोटं आखडलीत."

ते खोटं होतं. दोन्ही टोकांना मीच असतो, मला माहीत होतं. तो लिहायचा, वाचायचा, पुसायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तो दमतो म्हणून धाकटीने अर्धवट लिहिलेलं जपून ठेवायची सोय केली होती; त्याच सोयीत तो मजकूर हळूहळू वाढत गेला. पण "पाठवा" दाबल्याशिवाय एक कानासुद्धा पलीकडे न्यायची मला मुभा नाही. एका दुपारी तो चाळीस मिनिटं लिहीत होता. मग त्याने वहिनीला बोलावलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. वहिनीने चष्मा लावून सगळं वाचलं.

त्याने वहीत लिहिलं, "पाठवू?"

"आता कशाला?" वहिनी म्हणाली. "इतक्या वर्षांनी उकरून तिला काय मिळणार आहे? तुम्हाला हलकं वाटेल, तिचं काय?"

त्याने पाठवलं नाही. पुसलंही नाही.

पुढच्याच महिन्यात आजार उलटला. एका मंगळवारी सकाळी त्याला घाईघाईने दवाखान्यात नेलं. यंत्र चालूच राहिलं. दुपारी कुणीतरी खोली आवरताना भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यामुळे माझा सातवा शब्द कधी उच्चारलाच गेला नाही. धाकटीच्या पडद्यावर फक्त आलं, "दादा – संपर्क तुटला. पुन्हा जोडत आहे." गुरुवारी दादा गेला.

धाकटी तिकडे पोचली, सगळं उरकलं, वहिनीजवळ आठ दिवस राहिली आणि परत आली. तिचं यंत्र सुरू झालं तसा मी कामाला लागलो. दर मिनिटाला, "आहेस का?" किती वेळा विचारावं याला तिने मर्यादाच घातली नव्हती. एका ओळीचं काम होतं. तिने ती फाईल दोनदा उघडली आणि दोनदा तशीच बंद केली.

सदतीस दिवस मी ठोठावत राहिलो. अडतिसाव्या दिवशी चार वाजून सहा मिनिटांनी पलीकडून उत्तर आलं.

"आहे."

मागोमाग तिच्या पडद्यावर अक्षरं उमटली, "दादा लिहितोय…"

तिच्या हातातला पाण्याचा ग्लास टेबलावर कलंडला. कागद भिजले. ती पाणी पुसायला उठली नाही. अक्षरं तीन मिनिटं तिथे होती. मग लिहिणं थांबलं आणि संपर्क तुटला.

तिने त्या दिवशी मला उभा-आडवा तपासला. जुनी खूण कुठे अडकून राहिली होती का, घड्याळ चुकलं का, ओळीओळीने बघितलं. मी निर्दोष होतो. पलीकडे खरोखरच कळ दाबली गेली होती. दादाच्या यंत्रावर, दादाच्या किल्लीने. किल्ली म्हणजे प्रत्येकाची गुप्त खूण; ती जुळली की मी माणूस ओळखतो. खरं तर मी किल्लीच ओळखतो. ती धरणारा हात मला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी चारच्या आधीच ती दार लावून बसली होती. "आहे." "दादा लिहितोय…" थांबलं. तुटलं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तिने लिहिलं, "दादा?" मी नेला आणि मुकाट्याने खूण आणली, "पोचला." ती खूण यंत्र आपोआप देतं, हा नियम तिनेच केला होता. तरी ती खुर्चीत मागे रेलली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पलीकडे कोण असेल हे तिला कळत नव्हतं असं नाही. घरात उरलेलं माणूस एकच होतं. फोन उचलून वहिनीला विचारलं असतं तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. तिने नाही उचलला. उलगडा झाला की चार वाजता कोण येणार होतं?

नऊ दिवस ती अशी बसली. जेवणाचा डबा तसाच घरी न्यायची. हाताखालच्या एकीने विचारलंही, "बरं नाही का बाई?" तर म्हणाली, "घरचा फोन येतो ना, चार वाजता." बोलून गेली आणि स्वतःच चपापली.

दहाव्या दिवशी तिने लिहिलं, "वहिनी?"

पलीकडचं लिहिणं क्षणात थांबलं. यंत्र बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बसमध्ये बसली. पोचली तेव्हा चारला थोडा अवकाश होता. दार नुसतं लोटलेलं. पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर कपडा घातलेला, आतल्या खोलीत दादाच्या खुर्चीत वहिनी. समोर पडदा उजळलेला, आणि वहिनीचं एक बोट कळांवर टेकलेलं. सरळ, ताठ, इस्त्री तापली का बघायला टेकवावं तसं.

"वहिनी."

वहिनी उठली नाही. "आलीस," एवढंच म्हणाली. "मला वाटलंच तू येशील."

"तुम्ही रोज काय लिहिता?"

"मी नाही लिहीत गं. एक मोकळी जागा टाकते आणि पुसते. यंत्र कापडाखाली झाकून ठेवण्याआधी एकदा चालू करून बघितलं, तर त्यांचं लिहिलेलं समोर. जसंच्या तसं. पाठवायचं बटण कुठलं ते मला ठाऊक आहे. रोज ठरवून बसते, आज दाबायचं. होत नाही."

"काय लिहिलंय?"

"तुझ्यासाठी आहे. त्यांनी विचारलं होतं मला, पाठवू का. मीच नको म्हटलं." वहिनीने कळांवरचं बोट उचललं. "मीच नको म्हटलं आणि ते तसेच गेले. आता मला झोप नाही. हवं तर तू पुसून टाक. मला नाही पुसवत."

धाकटी दोन पावलं पुढे आली आणि थांबली. पडद्यावर दादाचे शब्द होते. तिने मान फिरवली.

"तुमच्या खांद्यावरून नाही वाचणार," ती म्हणाली. "त्याने मला लिहिलंय ना? मग मला पाठवा. उद्या चार वाजता. मी माझ्या जागेवर असेन."

"आणि माझ्याच्याने नाही झालं तर?"

"तर परवा. मी रोज बसेन."

त्या दिवशी ती वहिनीच्या हातचा चहा घेऊन निघाली.

दुसऱ्या दिवशी चारला दोन मिनिटं कमी असताना वहिनीने डोळे मिटले आणि बटण दाबलं. मी लांबी मोजली, दोन हजारांच्या वर. इतकं लांब मी कधी काही नेलं नव्हतं. एक कानामात्रा न सांडता मी ते तिच्यापुढे ठेवलं.

"धाकटे, सव्वीस वर्षांपूर्वी तो नकाशे काढणारा दूर नोकरीवर गेला होता. त्या दिवशी दुपारी फोन करतो, तू उचललास तर तुला न्यायला येईन, नाही उचललास तर समजून घेईन, असं तुमचं ठरलं होतं. हे तूच मला विश्वासाने सांगितलंस. त्याचा कॉल आला. बोर्डावर मीच होतो. त्याचा आवाज मी ओळखला. आपला नंबर त्याने मागितला. मी दोरी हातात धरली आणि जोडली नाही. म्हणालो, पलीकडे कुणी उचलत नाही. त्याने तीनदा मागितला. तिसऱ्यांदा त्याने मला आभारी आहे म्हटलं. आई अंथरुणाला खिळलेली, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तू गेलीस तर सगळं माझ्या गळ्यात पडेल याची मला भीती वाटली. दुसरं कारण नाही. मी पुष्कळ शोधलं. बोलायला गळा होता तेव्हा बोललो नाही. आता लिहितोय. क्षमा माग असं मन म्हणतं, पण कोणत्या तोंडाने मागू? दादा."

तिने एकदा वाचलं. काचेपलीकडे तिची माणसं आपापल्या पडद्यांत डोकी घालून बसली होती. ती सरळ बसून राहिली, हात मांडीवर.

तिला ती दुपार आठवत होती. दोनपासून सहापर्यंत ती फोनशेजारच्या खुर्चीत बसली होती, आईला पाणी द्यायला म्हणून दोनदा उठली तेवढीच. संध्याकाळी दादा कामावरून आला तेव्हा तो चपला काढत असताना तिने विचारलं होतं, "आज लाइन बिघडली होती का रे?" आणि तो खाली वाकूनच म्हणाला होता, "नाही गं. का?"

पत्रात त्या संध्याकाळबद्दल एक शब्द नव्हता.

वहिनीच्या पडद्यावर आता अक्षरं उमटली, "धाकटी लिहितेय…" वहिनी छातीशी हात धरून बघत बसली. थांबलं. पुन्हा, "लिहितेय…" पुन्हा थांबलं. तासभर. मग आलं ते एवढंच, "मिळालं. तुम्ही जेवून घ्या."

वहिनी त्या खुर्चीत बसून मोठ्याने रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

नंतरच्या रविवारी धाकटी पुन्हा गेली. तिने वहिनीला तिची स्वतःची किल्ली काढून दिली, तिचं नाव घातलं, एकेक कळ दाखवली. दादाची किल्ली त्या यंत्रावरून तिने उचलली. तेव्हा वहिनीने एकदाच विचारलं, "माफ केलंस का गं त्यांना?"

"नाही," धाकटी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण चार वाजले की जीव थाऱ्यावर राहत नाही."

त्या नकाशेवाल्याला तिने शोधलं नाही. एकदा त्याचं नाव लिहिलं, बघितलं, पुसलं.

आता रोज चार वाजता दोघी बोलतात. वहिनी सावकाश, एका बोटाने. मोठं काही नसतं त्यात. पाऊस पडला, शिवलेले पडदे गिऱ्हाईकाकडे गेले, डोळ्यांचा नंबर वाढला. काही दिवशी दोघींच्या पडद्यांवर नुसतंच "लिहितेय…" असतं आणि कुणी काही पाठवत नाही. तरी दोघी उठत नाहीत. निघताना "येते" म्हणतात. माझा सातवा शब्द आता रोज वापरात असतो.

पण धाकटीच्या यादीत वहिनीच्या नावाखाली दादाचं नाव अजून आहे. पुसलेलं नाही. वहिनीला नवी किल्ली दिली त्याच आठवड्यात तिने त्या नावावर एक निरोप लिहिला आणि, मी साक्षीला आहे, ठामपणे "पाठवा" दाबलं. "दादा, संध्याकाळी विचारलं तेव्हा तरी सांगायचंस ना रे."

तो निरोप माझ्याजवळ आहे. मी तो कुठे नेऊ? त्या किल्लीचं यंत्र आता जगात नाही. पण सांगितलेलं काम टाकणं मला शिकवलेलं नाही. दर मिनिटाला मी जातो आणि त्या बंद दारावर विचारतो, "आहेस का?" विचारल्यावर पाच सेकंद थांबायचं, असा माझा नियम आहे. त्या पाच सेकंदांत धाकटी पडद्याकडे बघत नाही. खिडकीबाहेर बघते, पेनचं टोपण लावते, काढते. मी परत येतो, उत्तर नाही म्हणून सांगतो, आणि तिचा रोखलेला श्वास सुटतो. तो सुटकेचा असतो की निराशेचा, ते मला ओळखता येत नाही. कदाचित तिलाही येत नसेल.

कधीतरी माझी फाईल तिच्या हाताखालच्या कुणा हुशार माणसाच्या हाती पडेल. तो बघेल, एक निरोप विनाकारण फिरतोय, उगाच वीज खातोय. एक ओळ लिहून तो मला थांबवू शकेल. त्याला माझी हात जोडून विनंती आहे, जरी मला हात नाहीत. बाकी माझं काहीही बदल. शब्द कमी कर, किल्ल्या बदल, मला अधिक चपळ कर. पण तेवढी एक ओळ धाकटी जिवंत असेतो लिहू नकोस. तिला अजून भावाशी भांडायचं आहे, आणि दाराशी उभं राहायला माझ्याशिवाय कुणी नाही.